शिकाऱ्याच्या मुलीला काय येतं?

‘पोचर’ ही मालिका मी दोनदा पाहिली. पहिल्यांदा सलग, आठही भाग, मोबाईलवर. दुसऱ्यांदा थांबत थांबत, कारण पहिल्या वेळी एक गोष्ट डोक्यात अडकून बसली होती. मालिकेची नायिका माला जोगी केरळच्या वनखात्यात अधिकारी आहे. हस्तिदंताच्या चोरट्या व्यापारामागे ती हात धुऊन लागते, झोपत नाही, घरी जात नाही, वरिष्ठांशी भांडते. आणि मध्येच आपल्याला कळतं की तिचा बाप स्वतः शिकारी होता. मालिकेत ही माहिती तिच्या तळमळीचं कारण म्हणून येते. बापानं केलेलं पाप मुलगी फेडतेय, एवढंच. माझा प्रश्न साधा होता. शिकाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला जंगलाबद्दल काही येत असेल की नाही? मातीवरचा माग, वाऱ्याची दिशा, जनावर पाण्यावर कधी येतं, यातलं काहीतरी? आणि येत असेल, तर आठ भागांच्या तपासात ते ज्ञान इतकं बिनमहत्त्वाचं का राहतं?

हा प्रश्न मला पडला कारण मी वाशीम जिल्ह्यातला, कारंजा तालुक्यातला आहे. आमच्याकडे हत्ती नाही. महाराष्ट्रात रानटी हत्ती पाहायचा तर एका टोकाला सिंधुदुर्गात दोडामार्गला जा, तिथे ते २००२ पासून कर्नाटकातून येतात, नाहीतर दुसऱ्या टोकाला गडचिरोलीत, जिथे २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूनं कळप उतरला. आमच्याकडे आहे काळवीट, रोही, रानडुक्कर, आणि नशीब असेल तर तणमोर. आणि आमच्याकडे शिकाऱ्यांची मुलं आहेत. फासेपारध्यांचे बेडे आहेत. त्यामुळे ‘शिकारी’ हा शब्द पडद्यावर आला की मला केरळचं सदाहरित जंगल आठवत नाही, कारंज्याच्या बाहेरचा माळ आठवतो. त्या माळावरून ही मालिका कशी दिसते, ते सांगायचं आहे.

आधी मालिकेचं श्रेय मालिकेला. रिची मेहता यांनी ‘दिल्ली क्राइम’चा पहिला सीझन केला होता, ज्याला पुढे आंतरराष्ट्रीय एमी मिळाला. ‘पोचर’ फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲमेझॉन प्राइमवर आली. २०१५ साली केरळात मलयाट्टूर वनविभागातून उघडकीला आलेलं हत्तींच्या शिकारीचं प्रकरण तिच्या मुळाशी आहे. निमिषा सजयन माला झालीय, रोशन मॅथ्यू ॲलन जोसेफ, आणि दिव्येंदु भट्टाचार्य त्यांचे वरिष्ठ नील बॅनर्जी. पात्रं मल्याळममध्ये विचार करतात, हिंदीत अडखळतात, इंग्रजीत रिपोर्ट लिहितात. सरकारी नोकरीतलं थकलेपण इतक्या खरेपणानं आपल्याकडे क्वचित दिसतं. छाप्याला निघताना हाताशी माणसं कमी, पैसे कमी, वेळ तर नाहीच. ॲलन बायकोपोराला सोडून रात्र रात्र कॉल रेकॉर्ड चाळत बसतो, आणि कुठल्या नंबरवरून कुठल्या नंबरला किती सेकंद फोन झाला या रटाळ कामात मेहता थरार आणतात. बंदुका फार नाहीत. हिरोगिरी तर नाहीच नाही. वनखात्याकडे पोलिसांच्या तुलनेत किती तुटपुंजे अधिकार आणि साधनं असतात, हेही नीट कळतं.

आणि पणाला काय लागलंय, ते मालिकेला ठाऊक आहे. आशियाई हत्तीत सुळे फक्त नराला असतात, तेही सगळ्याच नरांना नाही. त्यामुळे हस्तिदंतासाठीची शिकार कळपातून वेचून नर काढते. पेरियारच्या जंगलात एक काळ असा आला होता की एका प्रौढ नरामागे शंभराच्या आसपास माद्या उरल्या होत्या. हत्ती मोजले तर आकडा बरा दिसायचा, पण पिल्लं कुठून येणार? भारतात देशी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली १९८६ मध्ये, जागतिक व्यापारावर १९८९ मध्ये. तरी दिल्लीतल्या कुणाच्या तरी दिवाणखान्यात कोरीव मूर्ती लागते म्हणून केरळात गोळी सुटत राहिली. ही साखळी मालिका कडी-कडीनं उलगडते. त्यात ती पक्की आहे.

मग मला खुपलं काय?

पहिलं म्हणजे ते प्राणी. मालिकेत माणसं बोलत असतात आणि चौकटीच्या कोपऱ्यात एखादा प्राणी त्यांच्याकडे बघत असतो. शहरात उंदीर, माकडं, कुत्री, पक्षी. जंगलात तर काय, सगळेच. पहिल्या भागात हे सुंदर वाटतं. आपण एकटे नाही आहोत, कुणीतरी बघतंय. चौथ्या भागापर्यंत त्याचा सीसीटीव्ही होतो. प्राणी बघतोय, म्हणून माणसानं ओशाळायचं. मला हे शहरी अपराधीपणाचं छायाचित्रण वाटतं. ज्याच्या वावरात रात्री पंचवीस रोही उतरतात, त्याच्याकडेही प्राणी बघत असतातच, पण तो उलटा बॅटरी मारतो आणि पत्र्याचा डबा वाजवतो. त्याच्या आणि त्या जनावराच्या नात्यात माया असते, शिवी असते, आणि उद्याचा हिशेब असतो. ‘पोचर’मधल्या प्राण्यांच्या नजरेत हिशेब नाही. ते फक्त निष्पाप आहेत, आणि पडद्यावर एक बाजू इतकी निष्पाप झाली की दुसऱ्या बाजूला उरते फक्त पापी होण्याची जागा.

दुसरं, अरुकू. गोष्ट सुरू होते ती या माणसापासून. जंगलात वॉचर म्हणून राबलेला, शिकारी टोळीसोबत गेलेला, आणि एके दिवशी स्वतःहून वनकार्यालयात येऊन ‘मला सांगायचंय’ म्हणणारा. त्या दृश्यात त्याच्या चेहऱ्यावर झोप उडालेल्या माणसाची जी राख आहे, ती पुढच्या कुठल्याही भागात मला दिसली नाही. पण मालिकेला त्याच्याकडून नावं हवी आहेत. नावं मिळाली की ती धावत सुटते: शिकारी, मग मधला दलाल, मग वाहतूक, मग दिल्ली. वॉचर म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे ते इथे थांबतील. आपल्याकडेही अशी माणसं असतात, रोजंदारीवरचे वनमजूर. जंगल त्यांना तोंडपाठ, नोकरी मात्र पुढच्या महिन्यात असेल की नाही याची खात्री नाही. ज्याला जंगलातली प्रत्येक वाट माहीत आहे त्याला आपण सगळ्यात कमी पैसे देतो, आणि मग तीच वाट विकत घ्यायला दुसरा कुणी जास्त पैसे घेऊन येतो. यासाठी कॉल रेकॉर्ड लागत नाही, हजेरीपट पुरतो. मालिका हजेरीपट उघडत नाही.

आणि तिसरं, माला. तिच्याबद्दल सुरुवातीला म्हटलंच. निमिषा सजयनचं काम उत्तम आहे. ती राग डोळ्यांत न आणता खांद्यांत आणते. पण लेखनानं तिच्या बापाला फक्त ओझं करून ठेवलंय. शिकारीचं कसब हा वारसा असू शकतो, हे मालिकेच्या मनातच येत नाही.

*

मराठीत हा वारसा पडद्यावर आणला तो ‘फँड्री’नं. तुम्ही म्हणाल, तो तर जातीवरचा सिनेमा, त्याचा वन्यजीवांशी काय संबंध? पण नीट आठवून बघा. जब्या हातात गलोल घेऊन काळ्या चिमणीमागे माळरान तुडवतो. त्याचं कैकाडी कुटुंब गावातली डुकरं पकडतं. पकडणं हे त्या घरातलं कसब आहे: दबा धरणं, वाट अडवणं, एकमेकांना खुणा करणं, जनावर कुठून निसटेल ते आधीच ओळखणं. मंजुळे ते कसब तपशिलानं दाखवतात आणि त्याच वेळी गाव कडेला बसून हसताना दाखवतात. राष्ट्रगीत सुरू होतं, कुटुंब ताठ उभं राहतं, डुक्कर समोरून निघून जातं. ते दृश्य विनोदी आहे आणि भयंकर आहे. जब्याला आपल्या घरच्या कसबाची लाज वाटते, पण ती लाज त्याच्या आत उगवलेली नाही, ती गावानं पेरलेली आहे, हे सिनेमा एक क्षणही विसरत नाही. शेवटचा दगड म्हणूनच आपल्याकडे येतो.

‘पोचर’मधल्या मालाची लाज कुणी पेरली? मालिका म्हणते, तिच्या बापानं. ‘फँड्री’ शेजारी ठेवला की हे उत्तर किती सोपं आहे ते कळतं.

*

आता माळावर येऊ.

कारंज्याला लागून कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. क्षेत्र १८.३२ चौरस किलोमीटर, म्हणजे व्याघ्र प्रकल्पांच्या हिशेबात चिल्लर. झाडी थोडी, गवत जास्त. काळवीट हे नाव तुमच्या पिढीला सलमान खानच्या खटल्यामुळे माहीत आहे, १९९८ पासून चालत आलेला. या प्राण्याची एवढी प्रसिद्धी दुसऱ्या कुणी केली नसेल. माळावरचं काळवीट मात्र प्रसिद्धीपासून लांब, गवतात मान खाली घालून असतं. समृद्धी महामार्ग या अभयारण्याच्या आणि शेजारच्या काटेपूर्णाच्या भागातून गेलाय. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, आणि आता मुंबईकडे सुसाट जाणाऱ्या माणसाला काचेतून हा माळ दिसतो तो ‘इथे काहीच नाही’ असा.

काहीच नाही, हे सरकारी नकाशालाही बराच काळ वाटत आलंय. गवताळ जमीन म्हणजे पडीक जमीन. तिथे झाडं लावा, प्रकल्प आणा, वाटून टाका. वऱ्हाडात गावाच्या सामायिक चराऊ जमिनीला ई-क्लास म्हणतात. फासेपारध्यांचे कितीतरी बेडे अशाच जमिनींच्या आधारानं उभे आहेत. कागदावर त्यांचं फारसं काही नाही. पोटासाठी एकेकाळी होता तो फासा.

फासा लावणारा म्हणून फासेपारधी. तितर, लावे, ससे, हरीण. कुठल्या गवतात कोण अंडी घालतं, कुठल्या महिन्यात कोणाचा आवाज येतो, हे शाळेत न जाता पाठ. मग इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, तो पुढे देशभर पसरला, आणि पारध्यांसारख्या कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का पुसला गेला, कागदावर. गावात चोरी झाली की पहिली गाडी बेड्यावर जाते, हे कोणालाही विचारा. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो हवाच होता. त्याच्याशिवाय आज माळावर काळवीट दिसलं नसतं. पण हिशेब बघा. आधी माणूस गुन्हेगार होता, धंदा नव्हता. मग माणूस सुटला आणि धंदा गुन्हा झाला. दोन्ही वेळा कायद्यानं घेतलं, बदल्यात काय द्यायचं हे कुणी लिहून ठेवलं नाही. राजेराजवाडे आणि साहेब लोक दीडशे-दोनशे काळविटं एका मोसमात लोळवत होते, त्यांची शिंगं अजून भिंतीवर आहेत आणि त्यांना कुणी गुन्हेगार जमात म्हणालं नाही, हा जाता जाता उल्लेख.

आता तणमोर. कोंबडीएवढा पक्षी, माळढोकाच्या कुळातला पण त्याहून खूप लहान. आज जगात अतिसंकटग्रस्त यादीत आहे. एरवी दिसत नाही. पावसाळ्यात गवत वाढलं की नर जागेवरून उभा हवेत उडी मारतो, पंख फडफडवतो, एक खरखरीत आवाज काढतो आणि परत गवतात गुडूप. माणसाच्या डोक्याएवढी उंच उडी, दिवसात शेकडो वेळा. मादी जमिनीवरच अंडी घालते. तुम्ही माळावर उभे असाल आणि चुकीच्या बाजूला बघत असाल तर समोरून गेलेला कळणार नाही. अभ्यासक आले, दुर्बिणी घेऊन फिरले, आणि तणमोर कुठे आहे हे सांगितलं कुणी? फासेपारध्यांनी. महाराष्ट्रातल्या तणमोराची बरीचशी माहिती पारध्यांच्या डोक्यातून कागदावर आली आहे.

अकोला आणि वाशीम जिल्ह्यांत ‘संवेदना’ ही संस्था गेली कित्येक वर्षं फासेपारध्यांबरोबर गवताळ माळांवर काम करते. कौस्तुभ पांढरीपांडे हे त्यामागचं नाव. या कामाची कल्पना ऐकायला साधी आहे. बेड्यानं आपल्या भोवतालच्या गवताच्या पट्ट्याची राखण करायची, तिथे शिकार करायची नाही, चराई कधी आणि किती हे आपणच ठरवायचं, वणवा लागू द्यायचा नाही, आणि वाढलेल्या गवतातून चाऱ्याचा फायदाही घ्यायचा. गवत टिकलं तर तणमोर टिकेल, आणि ते टिकवण्यात ज्याचं पोट गुंतलंय तो ते टिकवेल. यात पारध्याला सुधारायचं नाहीये. त्याला जे येतं, त्यालाच काम म्हणायचं आहे. फासा कुठे लावायचा हे माहीत असलेला माणूस फासा कुठे लागला असेल हेही ओळखतो. गस्त म्हणजे दुसरं काय असतं?

मला ‘पोचर’मध्ये माला एकदा तरी असं काहीतरी करताना पाहायची होती. बापानं शिकवलेली एखादी खूण ओळखताना.

*

केरळात हे घडत नाही म्हणून मालिकेत नाही, असं कुणी म्हणेल. उलट, ते केरळातच सगळ्यात गाजलं आहे. त्याच पेरियारमध्ये, जिथे सुळेवाले नर संपत आले होते, १९९८ च्या सुमारास कुमिळीच्या आसपासच्या दालचिनीची साल चोरणाऱ्या एका टोळीशी वनखात्यानं बोलणी केली. ही वीसेक माणसं रात्री जंगलात शिरायची, साल सोलायची, शिकार करायची, डोक्यावर गुन्हे घेऊन फिरायची. त्यांची समिती बनवली. तिचं नावच ‘माजी वायना साल गोळा करणारे’ असं आहे. आपला जुना धंदा पाटीवर लिहून ठेवणारी दुसरी सरकारमान्य समिती मला माहीत नाही. पर्यटकांना त्यांच्याच चोरवाटांनी जंगलात न्यायचं, तंबूत ठेवायचं, आणि त्याच फेरीत गस्तही घालायची. पर्यटकाचे पैसे समितीला. शिकारी कुठे लपतात ते त्यांना सांगावं लागत नव्हतं, कारण तिथे ते स्वतःच लपलेले होते.

ही गोष्ट एखाद्या पटकथाकाराच्या हाती लागायला हवी. हिच्यात थरार आहे, विनोद आहे, वनाधिकाऱ्याची झोप उडेल असा धोका आहे. उद्या यातल्या एकानं पुन्हा कोयता उचलला तर? ‘पोचर’ याच राज्याबद्दल, याच खात्याबद्दल आहे, आणि तिला फक्त पकडापकडीत रस आहे.

पण पेरियारचा नुस्खा जसाच्या तसा उचलून वाशीमला लावता येणार नाही, हेही खरं. पेरियारला तळं आहे, धुकं आहे, हत्ती आहेत, विमानानं येणारे पाहुणे आहेत. कारंज्याच्या माळावर तंबू टाकून राहायला कोण येणार? आणि आले, तर ते वाईटच. तणमोराचा मोसम म्हणजे ऐन पावसाळा, मादी जमिनीवर अंड्यांवर बसलेली. मोठ्या लेन्सा घेऊन पंचवीस जण गवत तुडवायला लागले की पक्षी गेलाच म्हणून समजा. काही जिवांचं रक्षण म्हणजे त्यांना कुणीही बघायला न जाणं, आणि ज्याला कुणी बघायला जात नाही त्याच्यासाठी पैसे कुठून आणायचे, हा आमच्याकडचा खरा प्रश्न आहे. वाशीम २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आकांक्षा शाळेची, दवाखान्याची, पाण्याची. त्या रांगेत तणमोराचा नंबर कधी लागणार?

*

दुसऱ्या बाजूला ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ आहे. कार्तिकी गोन्साल्विस यांचा चाळीसेक मिनिटांचा माहितीपट, मार्च २०२३ मध्ये ऑस्कर मिळालेला. मुदुमलाईच्या थेप्पाकाडू हत्तीकॅम्पमध्ये कट्टुनायकन जमातीचे बोम्मन आणि बेल्ली रघू आणि अम्मू या अनाथ पिल्लांना वाढवतात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल आणि रडला असाल. मीही डोळे पुसले. रघूला त्यांच्यापासून काढून दुसऱ्या माणसाकडे दिलं जातं तेव्हा बेल्लीचा चेहरा बघवत नाही.

पण तिथेच माहितीपट हात आखडता घेतो. रघूला नेलं कुणी? कुणाच्या सहीनं? वाढवणाऱ्याला विचारलं का? चित्रपट हे दुःख नियतीसारखं दाखवतो, पाऊस पडावा तसं. ते खात्याचा निर्णय म्हणून दाखवलं असतं तर तो वेगळा चित्रपट झाला असता, आणि कदाचित त्याला ऑस्कर मिळालाही नसता. बोम्मन-बेल्ली इतके निरागस, इतके समाधानी दाखवलेत की त्यांना पगार किती हा प्रश्न असभ्य वाटावा.

तो प्रश्न पडद्याबाहेर विचारला गेला, आणि त्याचं उत्तर फार बोलकं आहे. ऑस्करनंतर तमिळनाडू सरकारनं हत्तीकॅम्पांमधल्या ९१ माहूत आणि मदतनीसांना प्रत्येकी १ लाख रुपये आणि घरांसाठी निधी जाहीर केला. बेल्लीला कायम नोकरीचं नेमणूकपत्र मिळालं ते ऑगस्ट २०२३ मध्ये, राज्यातली पहिली महिला हत्तीमदतनीस म्हणून. म्हणजे ज्या कामासाठी जगानं उभं राहून टाळ्या वाजवल्या, ते करत असताना बेल्लीची नोकरी कायम नव्हती. चित्रपटामुळे हे झालं म्हणून कार्तिकींचे आभार मानायलाच हवेत. चित्रपटात हे नव्हतं म्हणून तक्रारही करायला हवी. ऑस्कर मिळाल्याशिवाय कायम न होणाऱ्या अशा कितीजणी आपल्या जंगलांत राबत असतील?

‘पोचर’मधला गावकरी गुन्हेगार आणि ‘व्हिस्परर्स’मधला संत. दोघांनाही मजुरी नाही. गुन्हेगाराला मिळते ती चोरीची कमाई, संताला मिळतं ते प्रेम.

या दोघांच्या मध्ये उभा असलेला एक चित्रपट आहे, अमित मसुरकर यांचा ‘शेरनी’, २०२१ चा. तो पाहताना आमच्या भागातल्या कुणालाही शेजारचा यवतमाळ जिल्हा आठवतो. पांढरकवडा भागातली अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली ती तिथे. ‘शेरनी’त विद्या बालनची वनाधिकारी हरते, शिकारीची हौस असलेला पिंटू जिंकतो, वगैरे. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती एक छोटी माहिती: गावाचं चराऊ रान वनखात्याच्या लागवडीखाली गेलं, म्हणून बायामाणसांना गुरं घेऊन वाघाच्या जंगलात जावं लागतं. आस्था टिकू यांच्या पटकथेत हे दोन-तीन वाक्यांत येतं, पण त्यावर अख्खा चित्रपट उभा आहे. वाघानं माणूस मारला, हे बातमीत छापून येतं. गवत कुणी नेलं, हे येत नाही. वाशीमचा ई-क्लास आणि ‘शेरनी’चं चराऊ रान एकच आहे.

*

आता माझ्याच बाजूला उभे असलेल्या लोकांचं ऐकायला हवं, कारण पारधी आणि पक्षी यांची जोडी लावून मी मोकळा झालो तर तीही एक गोडगोष्टच होईल. माळाच्या कडेला वावर आहे. वावरात सोयाबीन, तूर, हिवाळ्यात हरभरा. जून-जुलैत सोयाबीन दोन पानांवर आलं की हरणांचे कळप येतात आणि ओळीच्या ओळी खुडून जातात. रोही तर उभं पीक तुडवतात, खातात त्याहून जास्त नासवतात. आमच्या घरात जागलीवर जाण्याची पाळी लावलेली असते, आणि पाळी कुणाची यावर दरवर्षी भांडण होतं. झटका मशीन आलं तेव्हापासून थोडं बरं आहे. पण काही जण मशीन न घेता सरळ विजेच्या तारेवर आकडा टाकतात, आणि मग कधी डुक्कर मरतं, कधी माणूस. हत्तीच्या मुलखातही विजेचा धक्का हत्तींचा मोठा मारेकरी आहे, गोळीपेक्षा मोठा. त्यावर थरारक मालिका कुणी काढत नाही, कारण त्यातला मारेकरी रात्रभर जागून दमलेला शेतकरी असतो आणि दिल्लीला जाऊन पकडावा असा कुणी नसतो.

नुकसानभरपाई मिळते. अर्ज, पंचनामा, फोटो, सातबारा, बँक खातं, मग वाट बघणं. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्यानं ठोक्यानं केलेल्या वावराचं काय, हे विचारू नका. आणि यात पारध्याची अडचण आणखी वेगळी आहे. गावातल्या शेतकऱ्याला काळवीट नको असतं, आणि काळवीट मारणारा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवायचं तो पारधीही नको असतो. गवताचा पट्टा राखायला पारधी उभा राहिला की गाव विचारतं, ही जमीन तुमची कधीपासून? ज्या गुरांना तिथे चारायला नेत होते ती आता कुठे न्यायची? हे भांडण खरं आहे. त्यात दोन्ही बाजू गरीब आहेत, आणि कायदा दोघांच्याही बाजूनं पूर्णपणे नाही. वनहक्क कायद्यानं २००६ नंतर गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या गावांना जंगलावर सामूहिक हक्क मिळवून दिला, बांबू विकायची मुभा दिली. पण तो कायदा जंगलासाठी आहे. महसूल खात्याच्या गवताला तो कसा लावायचा?

या भांडणाचा सिनेमा मला पाहायचा आहे. त्यात खलनायक शोधायला कॉल रेकॉर्ड लागणार नाहीत. ग्रामसभा लागेल, तलाठी लागेल, गवताचा भाव लागेल, बेड्यावरची एखादी मुलगी लागेल जी आजोबांकडून शीळ शिकली आहे आणि नोंदवही भरते. तिला वनखात्यात नोकरी हवी असेल तर जाहिरात निघाल्यावर कागदपत्रं गोळा करताना तिचे किती महिने जातात, हे दाखवायला आठ भाग सहज पुरतील. निमिषा सजयनला वऱ्हाडी शिकावी लागेल. किंवा कारंज्यातच कुणीतरी सापडेल.

गवत या महिन्यात गुडघ्याला लागलंय. तणमोर आलाय का, ते बेड्यावर विचारलं तर कळेल.